लकपर्म्स: पोरांच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर चार वर्षं वापरून झाल्यावर लिहितोय

लकपर्म्स म्हणजे सर्व्हरवर कुणाला काय करता येईल ते ठरवणारा प्लगइन, सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम. आमचा सर्व्हर लॉकडाउनमध्ये सुरू झाला, म्हणजे मी, दोन आतेभाऊ, एक मावसबहीण आणि सोसायटीतली सात-आठ पोरं, सगळे घरात अडकलेले आणि सगळ्यांना माइनक्राफ्ट खेळायचं होतं. मी त्यातल्या त्यात मोठा म्हणून सर्व्हर चालवायचं माझ्याकडे आलं. तेव्हा मला परमिशन वगैरे काही माहीत नव्हतं, कुणी म्हणालं की दादा मला क्रिएटिव्ह दे, म्हणजे हवं ते सामान फुकट मिळणारा मोड, की मी सरळ त्याला ऑप, म्हणजे सगळे अधिकार असलेला ऑपरेटर, करून टाकायचो, हळूहळू निम्मा सर्व्हर ऑप झाला. मग एका रविवारी दुपारी आमच्यातल्या सगळ्यात लहान मेंबरनं, वय वर्षं दहा, कुठल्यातरी व्हिडिओत बघून किल @ई अशी कमांड मारली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या कमांडनं जगात त्या वेळी लोड असलेलं सगळं मरतं, खेळाडू, गावकरी, घोडे, कुत्री, भिंतीवर लावलेल्या फ्रेमसुद्धा. मावसबहिणीनं दोन महिने पाळलेली अकरा कुत्री एका सेकंदात गेली. ती रडली, तो घाबरून ऑफलाइन गेला आणि आठवडाभर आलाच नाही. चूक त्या पोराची नव्हतीच, दहा वर्षांच्या पोराच्या हातात मी ते दिलं होतं.

तेव्हा कळलं की ऑप म्हणजे घराची एकच चावी आहे, तिनंच देवघर उघडतं आणि तिनंच तिजोरी. तसे ऑपचे १ ते ४ असे लेव्हल आहेत, पहिल्याला फक्त स्पॉन, म्हणजे खेळाडू जगात पहिल्यांदा जिथे उतरतो त्या जागेजवळचं संरक्षण ओलांडता येतं, दुसऱ्याला गेममोड, टेलिपोर्ट, फिल, किल असल्या कमांड, तिसऱ्याला किक-बॅन, आणि चौथ्याला सर्व्हर बंद करण्यापर्यंत सगळं, आणि नुसतं ऑप असं लिहिलं की सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जो आकडा असेल तो मिळतो, तो मुळात ४ असतो. पण मला जे हवं होतं, की याला टेलिपोर्ट असू दे पण किल नको, तिला कुणाला म्यूट करता येऊ दे पण बॅन नको, ते या चार पायऱ्यांत बसत नाही. त्यासाठी परमिशनचा प्लगइन लागतो. पहिला जो प्लगइन घातला त्याचं नाव घेत नाही, त्याच्या फायली हातानं लिहायला लागायच्या, एक स्पेस इकडची तिकडे झाली की सगळ्यांचे रँक गायब, आणि का गायब ते काही सांगायचा नाही. मग लकपर्म्स घातला आणि तेव्हापासून दुसरीकडे बघितलेलं नाही, म्हणून हा रिव्ह्यू.

आधी थोडक्यात ओळख. लकपर्म्स हा फुकट आहे, ओपन सोर्स आहे, एमआयटी लायसन्सचा, २०१६ पासून चालू आहे. बनवणारा लक या नावानं ओळखला जातो, सर्व्हर का अडकतोय ते शोधायचा स्पार्क नावाचा प्रोफायलर पण त्याचाच. स्पिगॉट, पेपर, बंजीकॉर्ड, व्हेलॉसिटी, स्पंज, फॅब्रिक, फोर्ज, सर्व्हरच्या या सगळ्या प्रकारांवर चालतो. आमचा सर्व्हर पेपरवर आहे त्यामुळे मी जे सांगतोय ते पेपरचं, फॅब्रिकवर मॉडनं स्वतः परमिशनला सपोर्ट दिलेला असावा लागतो तेव्हाच उपयोग होतो, तिथला माझा अनुभव शून्य. आणखी एक, कमांड मी इथे उच्चारासारख्या देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

इन्स्टॉल करणं म्हणजे फाइल प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये टाकून रीस्टार्ट, बस. पहिली कमांड गेममधून नाही, कन्सोलवरून, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या कमांड खिडकीतून द्यायची, एलपी युजर तुमचं नाव परमिशन सेट लकपर्म्स.* ट्रू, की मग तुम्ही आत जाऊन बाकीचं करू शकता. डेटाबेस वगैरेचं टेन्शन घेऊ नका, तो स्वतःची एच२ नावाची फाइल करून त्यात ठेवतो, एका सर्व्हरला तेवढं भरपूर झालं. दोन-तीन सर्व्हर जोडलेले असतील तरच मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी करा म्हणजे एकीकडे दिलेला रँक दुसरीकडे पण दिसेल.

आता ग्रुप. डिफॉल्ट नावाचा एक ग्रुप तो स्वतःच करतो आणि तो डिलीट करता येत नाही, नवा आलेला प्रत्येक जण त्यात असतो. बाकीचे तुम्ही करायचे. इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सगळीकडे व्हीआयपी, एमव्हीपी असलं असतं, आमच्याकडे आतेभावानं शिवकालीन पायदळातली नावं सुचवली, पाईक, नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी, आणि पोरांना ते इतकं आवडलं की त्या नादात प्रत्येकाला नाईकाच्या हाताखाली पाईक, त्याच्या वर हवालदार हा क्रम पाठ झाला, शाळेत चौथीला इतिहासात जे होतं ते इथे कामाला आलं. हा असा चढता क्रम लकपर्म्समध्ये ट्रॅक म्हणून करता येतो. मी फौज नावाचा ट्रॅक केला, त्यात हे पाच ग्रुप ओळीनं जोडले, आता कुणाला बढती द्यायची असेल तर एलपी युजर अमुक प्रमोट फौज, एवढंच, तो जिथे असेल तिथून एक पायरी वर. डिमोट केलं की एक पायरी खाली. शनिवारी रात्री सगळे ऑनलाइन असताना स्पॉनवर उभं करून बढती देतो, त्याचा जो आनंद पोरांच्या तोंडावर, म्हणजे व्हॉइस चॅटवर ऐकू येतो तो बघण्यासारखा असतो.

एका ग्रुपनं दुसऱ्याकडून वारसा घ्यायचा ही यातली खरी सोय. नाईकाचा पॅरेंट पाईक, हवालदाराचा पॅरेंट नाईक, असं लावलं की पाईकाला जे मिळतं ते वरच्या सगळ्यांना आपोआप मिळतं आणि प्रत्येक पायरीवर तुम्ही फक्त नवं काय ते लिहायचं. पाईकाला होम म्हणजे स्वतःच्या घरी जाणं, टीपीए म्हणजे दुसऱ्याला विचारून त्याच्याकडे जाणं, आणि स्पॉन, नाईकाला बॅक म्हणजे आधीच्या जागी परत जाणं, हवालदाराला जास्तीची होम, असं. आणि सांभाळणाऱ्यांचा वेगळा ग्रुप, आम्ही त्याला कोतवाल म्हणतो, त्यांना किक, म्यूट, काही तासांचा बॅन आणि कोअरप्रोटेक्टची चौकशी, म्हणजे कुणी कुणाची पेटी उघडली, कुणी भिंत फोडली ते बघता येतं. किल, फिल, गेममोड यातलं काही कोतवालाला नाही. मला कुणी विचारलं की सर्वात आधी काय करू तर मी हेच सांगीन, राखण करणारा आणि बांधणारा हे वेगळे ठेवा.

इथे मी पहिली मोठी चूक केली ती सांगतो कारण ती जवळजवळ सगळे करतात. कोतवाल ग्रुप केला, सगळ्या परमिशन नीट दिल्या, आणि मावसबहिणीला एलपी युजर अमुक पॅरेंट सेट कोतवाल असं केलं. पाच मिनिटांत तिचा मेसेज, दादा मला कुणालाही म्यूट करता येतंय पण स्वतःच्या घरी जाता येत नाहीये. झालं असं की पॅरेंट सेट म्हटलं की आधीचे सगळे ग्रुप काढून तेवढा एकच राहतो, आणि माझ्या कोतवाल ग्रुपला कुणी पॅरेंटच नव्हता, म्हणजे साधं होम वापरायची परमिशनसुद्धा त्याच्याकडे नव्हती. सेटच्या ऐवजी ॲड वापरलं की जुना ग्रुप तसाच राहून नवा जोडला जातो. आता ती हवालदार पण आहे आणि कोतवाल पण. आणि प्रत्येक ग्रुपला वेट म्हणजे वजन द्यायचं, आमच्याकडे पाईक १०, नाईक २०, असं करत कोतवाल १००, म्हणजे दोन ग्रुपमध्ये एकाच गोष्टीवर भांडण झालं तर वजनदाराचं चालतं. वजन द्यायला विसरू नका, नंतर कुठला ग्रुप जिंकतोय ते कळत नाही आणि डोकं खाजवत बसायला लागतं.

आता एडिटर. कमांडची भीती असणाऱ्यांसाठी ही देवाची देणगी आहे. एलपी एडिटर असं टाइप केलं की एक लिंक येते, ती ब्राउजरमध्ये उघडली की डावीकडे सगळे ग्रुप, ट्रॅक आणि माणसं, मधे त्यांच्या परमिशन, टिक करा, खोडा, ओढा, हजार ओळी एकदम बदला. अकाउंट काढायला लागत नाही, पासवर्ड नाही. पूर्वी सेव्ह केलं की एक कोडवाली कमांड मिळायची ती सर्व्हरवर पेस्ट करायला लागायची, आता बहुतेक वेळा थेट लागू होतं, फक्त नव्या ब्राउजरवरून पहिल्यांदा करताना सर्व्हरवर एकदा तुम्ही हो म्हणायला लागतं की हा मीच आहे. आणि सर्व्हरवरच्या प्लगइननी ज्या परमिशन जाहीर केल्यात त्या टाइप करता करता सुचवतो, त्यामुळे स्पेलिंगच्या चुका खूप कमी झाल्या. लिंक मात्र कुठल्या ग्रुपवर टाकू नका, ज्याच्याकडे लिंक आहे त्याला तुमचे सगळे ग्रुप आणि परमिशन दिसतात. आणि आमच्याकडे नियम आहे की एका वेळी एकानंच एडिटर उघडायचा, नाहीतर जुनं पान उघडं ठेवून कुणी सेव्ह करतं आणि मधे दुसऱ्यानं केलेलं काम त्याखाली जातं.

मग ते स्टारचं प्रकरण. परमिशनच्या शेवटी चांदणी दिली की त्याखालचं सगळं मिळतं, एसेन्शियल्स.* म्हणजे होम, टीपीए असल्या कमांड देणाऱ्या एसेन्शियल्स प्लगइनचं झाडून सगळं, आणि नुसतं * म्हणजे सर्व्हरवरचं जे जे आहे ते. मी स्वतःला सुरुवातीला * दिलं, ॲडमिन आहे तर असू दे म्हणून. दोन आठवड्यांनी नेदरमध्ये मी आणि आतेभाऊ दोघं एकत्र लाव्हात पडलो, त्याचं सगळं हिऱ्याचं सामान जळलं आणि मी परत आलो तर माझ्या अंगावर सगळं जसंच्या तसं. तो चिडून म्हणाला, दादा तू मेलास तरी तुझं काही पडत नाही, ही सरळसरळ चीटिंग आहे. मी शपथेवर सांगत होतो की मी काही केलं नाही, आणि खरंच केलं नव्हतं. शोधल्यावर सापडलं की एसेन्शियल्समध्ये कीपइन्व्ह नावाची एक परमिशन आहे, ज्याच्याकडे ती आहे त्याचं मेल्यावर सामान राहतं, तशीच कीपएक्सपी अनुभवाच्या गुणांसाठी, आणि चांदणीनं मला त्या न मागता मिळाल्या होत्या. तशीच एक स्लीपिंगइग्नोर्ड, की रात्री झोपायला तुमची गरज धरलीच जात नाही. म्हणजे चांदणी फक्त अधिकार देत नाही, असल्या सवलती पण गळ्यात घालते. उपाय सोपा निघाला, सामान आणि गुणांच्या त्या दोन परमिशन माझ्या ग्रुपला मुद्दाम फॉल्स करून टाकल्या, कारण लकपर्म्समध्ये नेमकं नाव घेऊन सांगितलेलं चांदणीपेक्षा वरचढ असतं. आतेभावाला मी माझ्या पेटीतून नवं हिऱ्याचं कवच दिलं आणि तेव्हापासून सर्व्हरवर मी पण मेलो की सगळ्यांसारखा रिकामा होतो. पोरांचा सर्व्हर असेल तर हे फार महत्त्वाचं आहे, मोठा माणूस नियमातून सुटतो असं त्यांना एकदा वाटलं की मग ते नियम कुणीच पाळत नाही.

आता यातलं माझं सगळ्यात आवडतं, व्हर्बोज. खरं तर ग्रुप आणि रँक बऱ्याच प्लगइनमध्ये असतात, पण व्हर्बोजसाठी मी लकपर्म्स कधी सोडणार नाही. एलपी व्हर्बोज ऑन आणि पुढे त्या खेळाडूचं नाव लिहिलं की तो काहीही करायला गेला की कुठल्या प्लगइननं त्याची कुठली परमिशन तपासली आणि उत्तर काय आलं ते तुमच्या समोर एकेक ओळ येत जातं, हो असेल तर हिरवं, नाही असेल तर लाल, आणि कुणी काही सांगितलेलंच नसेल तर राखाडी. आता हवालदारांना मी जास्तीची होम दिली होती पण एकाला दुसरं होम काही केल्या लागेना. पूर्वी असतं तर मी अंदाजानं दहा परमिशन देऊन बघितल्या असत्या आणि त्यातली नऊ उगाच राहून गेली असती. व्हर्बोज लावलं, त्याला म्हटलं परत ट्राय कर, लगेच दिसलं की सेटहोम.मल्टिपल हिरवी आहे पण त्याच्या पुढचं, म्हणजे किती होम ते सांगणारं जे नाव आहे ते राखाडी. एसेन्शियल्सच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, आकड्यांच्या गटांना नावं दिलेली असतात आणि त्या नावाचीही परमिशन वेगळी द्यावी लागते, ते मी विसरलो होतो. दोन मिनिटांत काम झालं.

हे राखाडी आणि लाल यातला फरक मात्र समजून घ्या. लाल म्हणजे तुम्ही किंवा कुणीतरी स्पष्ट नाही म्हटलंय. राखाडी म्हणजे कुणी काहीच बोललेलं नाही, मग प्लगइन बनवणाऱ्यानं मुळात जे ठरवलं असेल ते लागू होतं, कधी सगळ्यांना मोकळं, कधी फक्त ऑपला, कधी कुणालाच नाही. त्यामुळे ज्याला तुम्ही एकही परमिशन दिलेली नाही तोही काही कमांड वापरताना दिसतो आणि आपण म्हणतो की प्लगइन बिघडलाय. बिघडलेला नसतो. आणि ऑप असलेल्या माणसावर तर तुमच्या ग्रुपची गंमत कळतच नाही, कारण राखाडी असलेलं बरंचसं त्याला ऑप म्हणून मिळत राहतं. म्हणून मी लकपर्म्सच्या कॉन्फिगमध्ये एनेबल ऑप्स फॉल्स करून टाकलंय, सगळ्यांचं ऑप गेलं, माझं पण, आणि आता जे काही आहे ते ग्रुपमधूनच. किल कमांड कुणाकडे आहे असं आज विचारलं तर एलपी सर्च आणि त्या परमिशनचं नाव टाकलं की यादी येते, आमच्याकडे त्या यादीत एकच ग्रुप निघतो.

दिवाळीचं सांगितलं नाही तर हा रिव्ह्यू अपुरा राहील. आमच्या सोसायटीत पोरं दरवर्षी मातीचा किल्ला करतात, २०२० ला खाली उतरायचीच चोरी होती म्हणून आम्ही तो सर्व्हरवर केला, किल्ला नावाचं वेगळं जग काढलं आणि तीन टीम. तेव्हा पहिल्या वर्षी हातानंच सगळं बांधलं. पुढच्या वर्षी पोरांना वर्ल्डएडिट हवं झालं, म्हणजे एका फटक्यात तटबंदी उभी करता येते. पण वर्ल्डएडिट नेहमीच्या जगात दिलं तर कुणाचं तरी घर उडणार हे नक्की. लकपर्म्समध्ये प्रत्येक परमिशनला कॉन्टेक्स्ट लावता येतो, म्हणजे कुठे चालेल त्याची अट. परमिशन लिहिली आणि पुढे वर्ल्ड=किल्ला असं लावलं की ती त्या जगात पाऊल टाकल्यावरच लागू, बाहेर पडलं की गेली. आणि शिवाय मुदत घालता येते, पॅरेंट ॲडटेम्प गवंडी १५डी, म्हणजे पंधरा दिवस गवंडी ग्रुपमध्ये, सोळाव्या दिवशी आपोआप बाहेर, मला आठवण ठेवायला नको. भाऊबीजेनंतर निकाल लागला की गवंडी ग्रुप रिकामा झालेला असतो, कुणाकडून काही काढून घ्यायला लागत नाही त्यामुळे रुसवेफुगवे पण नाहीत.

इथेही चांदणीनं एकदा दगा दिला. गवंडीला वर्ल्डएडिट.* दिलं आणि कॉन्फिगमध्ये एका वेळी किती ब्लॉक बदलता येतील त्याला मर्यादा घातली होती, तरी एका टीमनं एवढा मोठा डोंगर ओतला की सर्व्हर अर्धा मिनिट थिजला. वर्ल्डएडिटमध्ये लिमिट.अनरिस्ट्रिक्टेड अशी मर्यादा ओलांडायचीच एक परमिशन आहे, ती चांदणीत येते. ती फॉल्स केली. तेव्हापासून मी चांदणी कुणाला देत नाही, लागतील तेवढ्या परमिशन नावानं देतो, वेळ जातो पण रात्री झोप लागते.

आता ज्यात त्रास होतो ते.

सगळ्यात मोठा गोंधळ ओळखीचा. लकपर्म्स माणसाला नावानं नाही, यूयूआयडीनं, म्हणजे प्रत्येकाच्या एकमेव ओळखक्रमांकानं ओळखतो, आणि ते बरोबरच आहे कारण विकतच्या अकाउंटचं नाव बदललं तरी रँक तसाच राहतो. पण सर्व्हर ऑनलाइन मोडमध्ये असेल, म्हणजे विकतचं अकाउंट तपासून आत घेत असेल, तर यूयूआयडी अकाउंटवरून येतो आणि ऑफलाइन मोडमध्ये नावावरून बनवला जातो, त्यामुळे मधेच मोड बदलला की त्याच माणसाला लकपर्म्स नवीन समजतो आणि सगळे परत डिफॉल्टमध्ये. आमच्याकडे निम्म्या पोरांकडे विकतचा गेम नव्हता म्हणून मी एकदा मोड बदलला आणि संध्याकाळी सगळे डिफॉल्टमध्ये उभे. आणि त्याहून गंभीर म्हणजे ऑफलाइन मोडमध्ये कुणीही तुमचं नाव टाकून आत आला की तो तुमच्या रँकनंच आत येतो, ॲडमिनच्या नावानं सुद्धा. याला लकपर्म्स काही करू शकत नाही, ते त्याचं काम नाही, पासवर्ड विचारणारा वेगळा प्लगइन लावावाच लागतो. ज्यांचा सर्व्हर असा आहे त्यांनी हे वाचून आजच बघा, खरंच. प्रॉक्सी, म्हणजे अनेक सर्व्हरच्या पुढे बसून खेळाडूंना आत पाठवणारा सर्व्हर, वापरणाऱ्यांनी पण, बंजीकॉर्डवर आयपी फॉरवर्डिंग नीट लावलं नसेल तर असाच यूयूआयडीचा घोळ होतो, प्रॉक्सीवर एक आणि आतल्या सर्व्हरवर दुसरा.

मोबाइलवरची पोरं गायझर आणि फ्लडगेट, म्हणजे मोबाइलच्या माइनक्राफ्टला आमच्या सर्व्हरवर आणणारे प्लगइन, यातून येतात, त्यांच्या नावाच्या आधी एक टिंब लागतं. टिंबवालं नाव कमांडमध्ये घेत नसेल तर कॉन्फिगमध्ये अलाउ इनव्हॅलिड युजरनेम्स ट्रू करा, किंवा एडिटरमधून करा, मी आधी तसंच करायचो.

चॅटमध्ये नावाआधी रँक दिसेल असं समजून खूप जण लकपर्म्स घालतात आणि काही दिसत नाही म्हणून वैतागतात. प्रीफिक्स, म्हणजे नावाआधीचा तो शब्द, लकपर्म्स साठवतो, दाखवायचं काम चॅटच्या प्लगइनचं. एसेन्शियल्सचा चॅटवाला भाग आणि प्लगइनना एकमेकांशी जोडणारा व्हॉल्ट, हे दोन लावले की दिसायला लागतं. मला वाटतं हे पहिल्या पानावरच मोठ्या अक्षरात लिहायला हवं, कारण नव्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो.

माहिती सगळी आहे आणि फार चांगली लिहिलेली आहे पण इंग्रजीत. आमच्या मराठी मीडियमच्या कोतवालाला, नववीत आहे, मला शेजारी बसून प्रत्येक शब्द सांगायला लागला, इनहेरिटन्स म्हणजे वारसा, कॉन्टेक्स्ट म्हणजे कुठे आणि कधी, निगेट म्हणजे मुद्दाम नाही म्हणणं. एकदा समजल्यावर तो माझ्यापेक्षा फास्ट झाला, पण पहिला आठवडा अवघड गेला. आणि एडिटर फोनच्या स्क्रीनवर वापरायला मला तरी जमत नाही, बारीक होतं सगळं, लॅपटॉप हवाच. दुसऱ्या प्लगइनच्या परमिशनची नावं तुम्हाला त्या त्या प्लगइनच्या पानावर जाऊन शोधावी लागतात ते वेगळंच, परमिशनची यादी दाखवणारी एलपी ट्री आणि एडिटरमधल्या सूचना यानं बरंच काम होतं पण सगळं नाही.

आणि एक सवय माझ्यासारखी लावून घेऊ नका. घाईत मी ग्रुपला न देता थेट माणसाला परमिशन देत गेलो, याला फ्लाय, तिला एक किट, त्याला अजून काही. थेट माणसाला दिलेलं ग्रुपच्या वर चालतं, त्यामुळे वर्षभरानं ग्रुपमध्ये काही बदललं तरी या चार-पाच जणांना फरकच पडेना आणि कारण सापडायला एक अख्खी संध्याकाळ गेली. आता माणसाला काही थेट द्यायचं झालंच तर मुदतीचं देतो.

हिशेब मात्र चोख ठेवतो हा. एलपी लॉग रिसेंट केलं की कुणी कुणाला काय दिलं, काय काढलं ते तारखेसकट दिसतं, आणि कुणी बदल केला की परमिशन असलेल्या सगळ्या स्टाफला तिथल्या तिथे चॅटमध्ये पण कळतं. आमच्याकडे एकानं स्वतःला हजारी करून घेतलं होतं, माझ्या चुकीमुळे त्याच्याकडे ती कमांड राहिली होती. मी त्याला सगळ्यांसमोर काही बोललो नाही, वेगळं बोलावून लॉग दाखवला, तो स्वतःच म्हणाला दादा परत नाईक कर. आता तोच कोतवाल आहे. आणि महिन्यातून एकदा एलपी एक्सपोर्ट करून ती फाइल ड्राइव्हवर टाकतो, होस्टिंग बदललं तेव्हा नव्या ठिकाणी इम्पोर्ट केलं आणि एकाही पोराचा रँक इकडचा तिकडे झाला नाही.

पैसे घेऊन रँक देणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण मला दोघांनी विचारलं. लकपर्म्सनं तांत्रिकदृष्ट्या सगळं होतं, पण माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगचे नियम आहेत, पैसे देणाऱ्याला खेळात इतरांवर वरचढ करणारं काही विकता येत नाही, नावाचा रंग, प्रीफिक्स, दिखाऊ गोष्टी चालतात. आमच्याकडे होस्टिंगचा खर्च मोठी भावंडं वाटून घेतात, त्यांच्या नावाआधी फक्त आश्रयदाता असं लागतं, बाकी पाईकच.

जुन्या व्हिडिओत अजून पीईएक्स म्हणजे परमिशन्सईएक्स घाला असं सांगतात, ते व्हिडिओ फार जुने आहेत, नव्या सर्व्हरला त्या वाटेला जाऊ नका. ग्रुपमॅनेजर ज्यांना हातात बसलाय त्यांचं ठीक, पण पहिल्यांदाच करणार असाल तर सरळ लकपर्म्स, ज्या साध्या होस्टिंगवर प्लगइन घालता येतात तिथेही चालतो आणि आमच्या चार जीबीच्या सर्व्हरवर त्याचा भार मला कधी जाणवला नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मराठीत मदत नाही म्हणून कापला, तो भरून काढायला मी आणि आमचा नववीतला कोतवाल मिळून पाईक ते हजारी सगळ्या कमांडचं एक मराठी पान लिहायला घेतलंय, वारसा आणि कॉन्टेक्स्टचं झालंय, व्हर्बोजचं राहिलंय, ते तो या शनिवारी लिहिणार आहे कारण ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं समजलंय. ज्या पोरानं किल @ई मारली होती तो आता चौदाचा आहे, जुमलेदार आहे, आणि मावसबहिणीच्या नव्या कुत्र्यांची राखण त्याच्याकडे आहे.